टाक्याचा धूर

काउंटरवरच्या मुलाने आईची बोरमाळ हातात घेतली, उलटी केली, भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच पुन्हा मखमलीच्या ट्रेमध्ये ठेवून दिली. म्हणाला, "मॅडम, ही जुनी केडीएम आहे. आम्ही दुरुस्तीला घेत नाही."

दोन मणी चेपले होते, एवढंच काम होतं. लेकीला ती घालायची होती, म्हणून मी धुळ्याहून मुद्दाम जळगावला आले होते. का घेत नाही, असं विचारलं तर तो पाठ केल्यासारखं सांगू लागला. या जोडाच्या टाक्यात कॅडमियम असतं, ते तापवलं की विषारी धूर निघतो, फुफ्फुसं जातात, किडन्या जातात, म्हणून तर केडीएम बंद झालं. आणि मग हसून, जणू एखादी योजना सांगावी तसं म्हणाला, "आमच्या कारागिरांच्या तब्येतीची आम्ही काळजी घेतो, मॅडम."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. पोरगा पंचविशीचा असेल. त्याची काही चूक नव्हती, त्याला कुणीतरी बोलायला शिकवलं होतं आणि तो बोलत होता. पण तो ज्या पेढीच्या नावाचा बिल्ला छातीवर लावून बसला होता, त्याच पेढीच्या माडीवर माझ्या वडिलांचं सगळं कमावतं आयुष्य गेलं. ती बोरमाळ त्यांनीच केलेली. आणि माझे वडील, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, त्या क्षणी धुळ्याच्या देवपुरात माझ्या घरी सुजलेले पाय उशीवर ठेवून पडले होते, कारण आदल्या दिवशी त्यांचं डायलिसिस झालं होतं. मला गुलाबपाण्याचा वास येत होता, गार हवा अंगावर येत होती, समोर इवलीशी पाण्याची बाटली ठेवलेली होती. मी बोरमाळ पर्समध्ये टाकली आणि उठले. 

शोरूम आता मोठ्या रस्त्यावर आहे. जुनी पेढी सराफ बाजारातल्या गल्लीत होती, पाय आपोआप तिकडे वळले. गल्ली तशीच अरुंद, गटार तसंच उघडं, फक्त ठोक्यांचा आवाज नाही. पूर्वी या गल्लीत शिरलं की कानात आधी तो आवाज भरायचा, प्रत्येक माडीवरून ऐरणीवर पडणारे बारीक बारीक ठोके, एकाचा एकाशी मेळ नाही आणि तरी सगळ्यांचा मिळून एकच. त्यात मध्येच फुंकणीचा लांब, सपाट श्वास. नाना कोणता ठोका देताहेत ते मला खालून ओळखू येतं असं मी मैत्रिणींना छातीठोक सांगायची. थाप होती ती, पण मलाही ती खरी वाटायची.

माडीची खिडकी बंदच होती. ती मी उघडी कधी पाहिलीच नाही. शाळा सुटली की आईने दिलेला डबा घेऊन मी तिथे जायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. जिना चढता चढता वास बदलत जायचे. खाली गटाराचा, मग मध्ये चिंचेच्या पाण्याचा आणि रिठ्याचा, कारण दागिने त्यात उकळून उजळायचे, मग तेजाबाचा, नाकात सुई टोचावी तसा. आणि सगळ्यात वर, दार ढकललं की, तो वास. गोडसर, जळका, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. दिव्याच्या ज्योतीत फुंकणी धरून नाना मण्याच्या दोन वाट्या जोडत असायचे, गाल फुगलेले, डोळे बारीक, आणि ज्योत वाकून नेमकी त्या सांध्यावर. क्षणभर सांधा पाण्यासारखा चमकायचा. मग एक पिवळट धूर हलकेच वर यायचा, नानांच्या तोंडावरून जायचा आणि छताखाली जमून राहायचा. जाणार कुठे? खिडकी बंद, पंखा बंद, दाराला आतून गोणपाट.

उन्हाळ्यात जळगाव कसं तापतं ते ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. वैशाखात आम्ही घरी ओली चादर पांघरून झोपायचो. आणि त्या माडीवर शेगडी, दिवे आणि सहा-सात माणसं, उघड्या अंगाने, घामाने निथळत. का? तर वाऱ्यावर सोनं उडतं. कानस मारताना पडणारी जी धुळीएवढी कणी असते ती खिडकीतून जायला नको. पेढीचा एक कण बाहेर जाऊ द्यायचा नाही हा तिथला धर्म होता. जमिनीवरचा केर पेटीत जायचा. हात धुतलेलं पाणी हौदात साठायचं. बसायचे फाटके गोणपाट जाळून त्याची राख ठेवायचे. दिवाळीच्या सुमारास झारेकरी येऊन ते सगळं विकत न्यायचे, नदीवर धुवायचे आणि त्यातून सोनं काढायचे. माडीवरून उतरताना कारागिराने खिसे नसलेले कपडे झटकायचे, ओल्या फडक्यावर डोकं विंचरायचं, टाचणीने नखं कोरायची. नाना नखं इतकी कोरायचे की बोटांच्या कडा कायम लाल असायच्या.

एवढं सगळं झटकून, विंचरून, कोरून झालं की नाना घरी यायचे. जे विकलं जाणार होतं ते सगळं माडीवर राहायचं आणि जे विकलं जाण्यासारखं नव्हतं ते त्यांच्या छातीत भरून आमच्या घरी यायचं. मी धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायची आणि सदऱ्यात तोंड खुपसायची. तोच गोडसर, जळका वास. जगात मला त्या वासाएवढं काही आवडत नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत तो सदरा मी उशीखाली घेऊन झोपायची. आई हसायची, पोरीला बापाच्या घामाचं वेड म्हणायची. त्या दिवशी शोरूमच्या काउंटरवर बसल्या बसल्या मला कळलं की तो घाम नव्हता. माझं सगळं बालपण ज्या वासाने भरलेलं आहे तोच वास विषाचा निघाला, आणि आता तो आठवला की डोळे भरून येतात तशीच मूठही वळते. धड आठवूही देत नाहीत हे लोक.

केडीएम आलं तेव्हाची धामधूम मला लख्ख आठवते. सोन्याचे दोन तुकडे जोडायचे तर सोन्याच्या आधी वितळणारं काहीतरी मध्ये लागतं, त्याला टाका म्हणतात. पूर्वी त्यात तांबं-चांदी मिसळायचे, त्यामुळे दागिना गाळला की सोनं कमी भरायचं आणि बायका सोनाराच्या नावाने बोटं मोडायच्या. सोनार आईचंही सोनं सोडत नाही ही म्हण काय उगाच पडली? मग हे कॅडमियम आलं. त्याचा टाका घातला तरी सोनं शुद्धच राहतं. पेढीवर दिव्यांची पाटी लागली. हळदीकुंकवाला बायका गळ्याला हात लावून एकमेकींना सांगायला लागल्या, केडीएमचं आहे हो. माझ्या आईनेसुद्धा सांगितलं. तिच्या माहेरचं जुनं सोनं मोडून नानांनी तिला ती बोरमाळ करून दिली, मण्यामण्याला दोन वाट्या, मण्यामण्याला टाका. बायका विचारायच्या, सोनं शुद्ध राहतं तर ते दुसरं जातं कुठे? पेढीचे शेठ कौतुकाने सांगायचे, उडून जातं. सोन्यात काही म्हणजे काही राहत नाही.

उडून जातं. एवढ्या वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही, उडून कुठे जातं. सोन्याचा कण उडाला तर कुठे पडला हे शोधायला माणसं गुडघ्यावर रांगायची. धुराच्या मागे कोण रांगणार!

पहिला आजारी पडला भिकाकाका. नानांच्या शेजारच्या पाटावर बसायचा. धरणगावचा, रोज येऊन-जाऊन करायचा, आणि कपाशीचे दिवस असले की त्याच्या केसात जिनिंगवरच्या रस्त्याची कापसाची पांढरी पिंजर अडकलेली असायची. गादी फाडून आलाय म्हणून नाना त्याला चिडवायचे, कारे भिका, आज कोनाच्या घरनी गादी फाडी उना? तो मला रिठे द्यायचा, गोट्यांसारखे खेळायला. त्याच्या नकलांनी माडी हसायची. मग त्याला धाप लागायला लागली. हाडं दुखायची म्हणून तो पाटावरून उठताना भिंत धरायचा. पाय सुजले, तोंड मातकट झालं. आणि पेढीचा मुनीम एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाला की चोरलेलं सोनं असंच अंगावर फुटतं.

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण त्या गल्लीत ही समजूत मुरलेली होती, दूध नासतं तसं चोरीच्या सोन्याने रक्त नासतं. कुणाच्या अंगावर सूज आली की बाकीचे त्याच्या हातांकडे बघायला लागायचे. भिकाकाकाची पेटी तपासली, सदरा उसवून पाहिला. काही सापडलं नाही, तर ते म्हणाले, सापडेल कसं, पोटात गेलंय. त्याला काढून टाकलं. तो गल्लीच्या तोंडाशी नानांची वाट बघत उभा राहिला, मी नानांचं बोट धरून होते. तो नानांकडे बघत होता. नाना थांबले आणि म्हणाले, "कोनालेबी सोनं पचस नही, भिका."

तो परत बाजारात दिसला नाही. थोड्याच महिन्यांत तो गेल्याचं कळलं. नाना मातीला गेले नाहीत. चोराच्या तिरडीमागे चालताना पेढीवरच्या कुणी पाहिलं तर, ही भीती. कामावर मात्र नेमाने गेले.

आणि मग काही वर्षांनी नानांचे पाय सुजले.

त्या दिवसांत आमच्या घरात जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नाना सकाळी उठायचे आणि पाय बघायचे. अंगठा दाबायचे, खड्डा पडायचा, तो किती वेळ राहतो ते बघायचे. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मी चोरी केलेली नाही आणि तरी मला हे झालं, म्हणजे ती समजूतच खोटी. नानांनी उलटं केलं. समजूत खोटी असूच शकत नव्हती, म्हणजे त्यांच्याच हातून काहीतरी घडलं असलं पाहिजे. न कळत. एखादा कण केसातून, टाचेच्या भेगेतून, कानाच्या मळातून घरी आला असेल. तो घरात कुठेतरी पडला असेल आणि त्याचं पाप फिटत नसेल. शेवटी एका रविवारी त्यांनी आईला सांगितलं, घर झाड.

आईने घर झाडलं. खाटा बाहेर काढल्या, फळ्यांवरचे डबे उतरवले, फरशीच्या फटी काडीने कोरल्या. गोधड्या अंगणात झटकल्या, खाली धोतर पसरून. ती झाडत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती, मुनिमाचा, पेढीचा, सोन्याचा उद्धार करत होती, पण हात थांबवत नव्हती. सगळी धूळ, जळमटं, माझ्या वेणीचे केस, मुंग्यांनी ओढून आणलेले दाणे, एका फडक्यात बांधलं. नाना ती पुरचुंडी घेऊन पेढीवर गेले. मला वाटलं शेठ त्यांना जवळ घेतील, म्हणतील, अरे वेड्या, एवढ्या वर्षांचा माणूस तू, घरी जा, डॉक्टरला दाखव.

संध्याकाळी नाना रिकाम्या हाताने आले. चेहरा जरा हलका झाला होता. आईने विचारलं, "त्यासनी ती माटी लिधी?" नाना म्हणाले, "लिधी." घेतली. झारेकऱ्याच्या पेटीत टाकली. आमच्या घरातली धूळसुद्धा पेढीने घेतली आणि त्या धुळीसोबत नानांचा कबुलीजबाबही घेतला, कारण दुसऱ्या दिवसापासून माडीवरच्यांनी त्यांच्याकडे भिकाकडे बघायचे तसंच बघायला सुरुवात केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काढून टाकायचीही गरज पडली नाही, नाना आपणच जायचे थांबले. आईने त्या दिवशी गळ्यातली बोरमाळ काढून डब्यात टाकली आणि मरेपर्यंत पुन्हा घातली नाही.

आपल्या देशात एकेकाळी सोन्याचा धूर निघायचा असं शाळेत शिकवतात. मीही देवपुरातल्या शाळेत शिकवते, पण ते वाक्य आलं की मी पान उलटते.

त्या दुपारी गल्लीतून निघाले ती थेट धुळ्याला. एसटीत बसल्या बसल्या मी नानांच्या डॉक्टरला फोन लावला आणि विचारलं, हे त्या धुराने होतं का. तो भला माणूस आहे. म्हणाला, होऊ शकतं, त्यांनी काय काम केलं ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आता एवढ्या वर्षांनी ते सिद्ध कोण करणार. मला सिद्ध करायचं नव्हतं. मला फक्त घरी जाऊन एका म्हाताऱ्याला सांगायचं होतं की तो चोर नाही.

नाना खाटेवर बसून चहा बशीत ओतत होते. मी सगळं सांगितलं. शोरूममधला मुलगा, कॅडमियम, तो पिवळट धूर, बंद खिडकी, डॉक्टर. म्हटलं, नाना, कण नव्हता तो कुठलाच, घरात काहीच आलेलं नव्हतं, त्यांच्या धुराने तुमच्या किडन्या खाल्ल्या आणि त्यांनी तुमच्याच हातची धूळ घेऊन तुम्हाला घालवलं. मी बोलताना रडत होते आणि शिव्याही देत होते, ज्या मी वर्गातल्या पोरांना देऊ देत नाही. मला वाटलं आता ते सुटतील. निदान संतापतील. माझ्यासोबत एकदा तरी त्या शेठच्या नावाने बोटं मोडतील.

नानांनी बशी खाली ठेवली.  मग म्हणाले, "आन मंग भिका?"

 एवढ्या मोठ्या रागात भिकाकाका मला आठवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐकलं नाही. अंगात ताकद नसताना धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, मला म्हणाले, धरणगावला चाल. अमळनेरवरून गाडी जाते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कपाशीची पिंजर लटकलेली होती, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांतून उडालेली. नाना खिडकीतून तिच्याकडे बघत होते.  मी मात्र मनातल्या मनात भांडत होते. पेढीला आम्हाला चोर म्हणायचे कष्टही फारसे घ्यावे लागले नाहीत. मुनीम एकदा बोलला, बाकीचं आम्हीच केलं. एका पाटावरच्या माणसाने दुसऱ्या पाटावरच्या माणसाला चोर ठरवलं आणि त्या दोघांच्या डोक्यावर तोच धूर साचत होता.

भिकाकाकाचं घर विचारत विचारत सापडलं. त्याची बायको, इंदूकाकू, अंगणात बाजेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. ज्वारीच्या चिकाचा वास सुटला होता. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. त्यांनी नानांना लगेच ओळखलं, आणि ओळखूनही हातातलं काम थांबवलं नाही. नाना बाजेचा खूर धरून उभे राहिले. धाप लागली होती, ती बसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, एकामागून एक बिबडा पसरत राहिल्या.

"वहिनी," नाना म्हणाले, "भिका चोर नव्हता."

मी पुढे होऊन धुराचं सांगायला लागले, कॅडमियम, डॉक्टर, सगळं. काकूंनी मला हातानेच थांबवलं. चिकाने भरलेला हात होता तो.

"माले ते तव्हयच माहीत व्हतं, भाऊ," त्या नानांना म्हणाल्या. "तुम्हलेच माहीत नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, की शेवटचे दिवस भिकाकाका दाराकडे तोंड करून झोपायचा. पेढीचं त्याने कधी नाव काढलं नाही. पेढी ती पेढीच, म्हणायचा. पण नाना येईल, नाना माझ्या शेजारी बसायचा, त्याने माझे हात बघितलेत, तो येईल, असं म्हणायचा. जळगावहून येणारी गाडी गेली की कूस बदलायचा.

नाना खाली ओट्यावर बसले. काकू आत गेल्या, हात धुतल्याचा आवाज आला, आणि तांब्या-भांडं घेऊन बाहेर आल्या. आम्हाला पाणी दिलं. घरात या, असं म्हणाल्या नाहीत.